कराटेचा ड्रेस स्पर्धेच्या नियमात बसतो की नाही, हे घरीच कसं तपासायचं?

फोंड्याची_आई

नमस्कार मंडळी. माझी लेक बारा वर्षांची. तीन वर्षं कराटे शिकते, कुमिते (म्हणजे समोरासमोरची लढत) खेळते. मागच्या महिन्यात आम्ही एका स्पर्धेला गेलो होतो. तिथे जे झालं ते अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

लेकीची उंची १४३ सेंमी. दुकानात १५० चा, म्हणजे १५० सेंमी उंचीसाठीचा ड्रेस दिला, "पोरं भराभर वाढतात, मोठाच घ्या" म्हणून. बाह्या हातावर यायच्या, तर मी शेजारच्या शिंप्याकडून आत दुमडून घेतल्या. क्लासला रोज तोच घालायची, कधी कोणी काही बोललं नाही. स्पर्धेच्या सकाळी सराव करताना उजव्या बाहीची शिलाई उसवली. तिने दोन घड्या घालून बाही वर गुंडाळली आणि तशीच मॅटवर गेली. रेफरींनी थांबवलं. गुंडाळलेली बाही चालत नाही. सोडली तर मनगटाच्या खाली येते, तीही चालत नाही. एक मिनिट दिलं. मी वर गॅलरीत. जिना उतरेपर्यंत अर्धं मिनिट गेलं. दुसऱ्या क्लासच्या, तिच्याच चणीच्या एका मुलीने आपलं जॅकेट काढून दिलं म्हणून खेळता तरी आलं. केसांतली क्लिपही तिथेच, सगळ्यांसमोर काढावी लागली. पहिल्याच फेरीत हरली.

हरल्याचं मला काही नाही. पण परत येताना गोव्याच्या कदंबा बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आई, यात मी काही चुकले नव्हते ना?" नव्हती चुकली. चुकलो आम्ही मोठी माणसं.

सव्वा महिन्यावर निवड स्पर्धा आहे. मला "व्यवस्थित असायला हवा" असं उत्तर नको आहे. कुठून कुठपर्यंत किती सेंटिमीटर, हे कोणी सांगेल का?

साखळीवाला

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही असाच गोंधळ आहे, त्यामुळे धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

ताटामीकाठ

फोंड्याची आई, तुमच्या लेकीला आधी माझ्याकडून शाबासकी सांगा. उसन्या जॅकेटमध्ये मॅटवर उभं राहायलाही धीर लागतो. मी पंधरा वर्षं खेळलो, आता रेफरी म्हणून उभा राहतो. मला ठाऊक आहे ते सगळं लिहितो, थोडं लांबेल.

सगळ्यात आधी स्पर्धेचं परिपत्रक काढा आणि नियम कुठले लावणार ते बघा. कराटेत संघटना अनेक, आणि प्रत्येकीचं नियमपुस्तक वेगळं. परिपत्रकात 'डब्ल्यूकेएफ (वर्ल्ड कराटे फेडरेशन) नियमांनुसार' असं असेल तरच माझं पुढचं सगळं लागू. नसेल तर आयोजकांकडून त्यांचे नियम लेखी मागून घ्या. फोनवर मिळालेलं "चालेल हो" मॅटवर दाखवता येत नाही.

ड्रेस पांढरा, साधा. पट्टे नाहीत, काठाला रंगीत गोट नाही, स्वतःच्या नावाचं भरतकाम नाही. बनवणाऱ्या कंपनीचं मूळ लेबल तेवढं चालतं.

बाही: जास्तीत जास्त मनगटाच्या घडीपर्यंत, कमीत कमी कोपर ते मनगट या अंतराच्या निम्म्यापर्यंत. वर गुंडाळायची नाही.

पँट: नडगीचा किमान दोन तृतीयांश भाग झाकला पाहिजे आणि घोट्याच्या हाडाखाली जाता कामा नये. तीही गुंडाळायची नाही.

जॅकेट: बेल्ट घट्ट बांधल्यावर कंबर-नितंब झाकले गेले पाहिजेत, पण मांडीच्या तीन चतुर्थांशाखाली यायला नको. बाजूचे बंद असलेच पाहिजेत आणि ते बांधलेलेच असले पाहिजेत. आपल्या बाराबंदीला असतात तसे ते बंद. पुष्कळ मुलं त्यांना लोंबती नाडी समजून कापून टाकतात. बंद नसलेलं जॅकेट नियमात बसतच नाही. मुलींनी आत साधा पांढरा टी-शर्ट घालायचा, चित्र नको, अक्षरं नकोत.

बेल्टबद्दल पालकांचा सर्वात मोठा गैरसमज असतो. कुमितेत मुलीचा स्वतःचा हिरवा किंवा जांभळा बेल्ट चालत नाही. एकीचा लाल, दुसरीचा निळा. रुंदी साधारण ५ सेंमी. गाठ मारल्यावर दोन्ही बाजूंना किमान १५ सेंमी टोक उरलं पाहिजे, पण ते टोक मांडीच्या तीन चतुर्थांशापेक्षा खाली लोंबता कामा नये. बेल्टवरही नाव नको. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही बेल्ट आपले आपण न्यावे लागतात.

आता मापं कशी घ्यायची ते. ड्रेस पलंगावर पसरून मोजू नका. मुलीला पूर्ण ड्रेस घालायला सांगा. आत टी-शर्ट आणि बॉडी प्रोटेक्टरसुद्धा. बंद बांधा, बेल्ट बांधा. मग दहा-वीस गुद्दे, दहा लाथा मारायला लावा. नंतर हात खाली सोडून सरळ उभं करा आणि तेव्हा मोजा. अंगावर प्रोटेक्टर आला की जॅकेट फुगतं आणि बाही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर सरकते. पँट नेमकी उलट वागते. नाडी सैल असेल तर हालचालीने कमरेवरून घसरते आणि घोटा झाकला जातो. सकाळी तपासणीत बरोबर असलेली पँट तिसऱ्या लढतीला नियमाबाहेर गेलेली मी कितीदा पाहिली आहे.

आणि ते एक मिनिट. नियमातच आहे की ड्रेस चुकीचा असला तर लगेच बाद करायचं नाही, दुरुस्त करायला एक मिनिट द्यायचं. त्या मिनिटाकरता मॅटच्या कडेला कोचजवळ पिशवी हवी. गॅलरीत आईजवळ असून उपयोग नाही.

नवखा_पेडणे

गावपातळीच्या स्पर्धेला एवढं कोण बघतो? आम्ही तीन स्पर्धा खेळलो, कोणी बाही मोजली नाही. उगीच पालकांना घाबरवून टाकू नये असं मला वाटतं.

ताटामीकाठ

दादा, मोजली नाही हे खरं असेल. मीही लहान मुलांच्या स्पर्धेत फूटपट्टी घेऊन उभा राहत नाही. पण समोरच्या कोचने हरकत घेतली की मला नियमच बघावा लागतो. आणि हरकत नेमकी अटीतटीच्या लढतीत येते. तीन ठिकाणी चाललं म्हणून मूल निर्धास्त असतं आणि चौथ्या ठिकाणी, जिथे खरंच काही पणाला लागलेलं असतं, तिथे ते अडतं. त्या वेळी त्याचं तोंड बघवत नाही. माझा आग्रह त्यासाठी आहे.

म्हापसेकरीण

ताटामीकाठ सरांनी कपड्यांचं लिहिलं, मी बाकीचं लिहिते. माझ्या दोन्ही मुली खेळतात.

केस: धातूची क्लिप, पिन, मणी, रिबन काही नको. एक वेणी किंवा पोनी, साध्या रबरबँडची. केस लांब असतील तर आदल्या दिवशी घट्ट बांधून सराव करायला लावा. आपल्याकडच्या घामात सैल वेणी दहा मिनिटं टिकत नाही. नखं अगदी आतपर्यंत कापलेली हवीत, पायाचीही.

मग अंगावरच्या वस्तू. धातूची किंवा दुसरी कुठलीही वस्तू अंगावर नको. आपल्याकडे इथेच अडतं. गळ्यात देवीचा ताईत, पायात काळा दोरा, कानात रिंगा, नाकात चमकी. धाकटीचे कान स्पर्धेच्या आठ दिवस आधी टोचले होते, वरून टेप लावून पाठवावं असं मला वाटलं होतं. सेन्सेईंनी, म्हणजे क्लासच्या शिक्षकांनी, समजावलं की टेपखाली वस्तू आहेच ना, गुद्दा लागला तर कानाची पाळी फाटेल. तेव्हापासून आमच्याकडे कान टोचणं, नवस, दोरे हे सगळं स्पर्धांच्या तारखा बघून ठरतं. सासूबाई आधी नाराज होत्या. मग त्यांनीच ताईत एका पुरचुंडीत बांधून पिशवीत ठेवायची पद्धत पाडली. मॅटवरून उतरलं की लगेच गळ्यात.

दातांना तारा असतील तर रेफरी आणि स्पर्धेच्या डॉक्टरांची मंजुरी लागते, ऐन वेळी नको, सकाळीच विचारा. चष्मा चालत नाही. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स आपल्या जबाबदारीवर चालतात.

शिवणयंत्र_डिचोली

मी शिवणकाम करते. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या क्लासची पोरं माझ्याकडेच ड्रेस आणतात, म्हणून थोडं.

फोंड्याची आई, तुमच्या शिंप्याने काय केलं असेल ते मी न बघता सांगते. त्याने बाही आत दुमडून पँटला करतो तशी एकेरी टीप मारली. या कापडाला ती पुरत नाही. मूळ बाहीची कड बघा, तिथे चार, पाच, कधी सहा समांतर टिपा असतात. गुद्दा मारताना बाही चाबकासारखी ओढली जाते, तो झटका त्या टिपा वाटून घेतात. एक टीप असली की सगळा ताण तिच्यावर येतो.

आणि काहीही कापायच्या किंवा दुमडायच्या आधी ड्रेस तीन वेळा धुवून वाळवा. निव्वळ सुती कापड धुतल्यावर आटतं. जाड कापड तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत लांबीला चांगलंच कमी होतं. माझ्याकडे एकदा एक बाबा कोरा ड्रेस घेऊन आले, "दोन दिवसांत बाही बरोबर मनगटापर्यंत करून द्या" म्हणाले. मी सांगितलं, आज मनगटापर्यंत केली तर महिन्याने ती वर जाईल. ऐकलं नाही. महिन्याने कापड जोडायला परत आले. जोड दिसतो, आणि पांढऱ्यावर पांढऱ्याचा रंगही जुळत नाही.

आटवून झाल्यावर बाही आतल्या बाजूला वळवायची, आत चारेक सेंमी वाढावा ठेवायचा आणि चार टिपा मारायच्या. ही शिवलेली कड आहे, गुंडाळलेली बाही नव्हे. पुढच्या वर्षी टिपा उसवून वाढावा सोडता येतो. जुन्या घडीची रेघ थोडी दिसते, तेवढं चालतं.

दोरा सुती वापरू नका, पॉलिएस्टरचा घ्या. घामाने सुती दोरा लवकर कुजतो. बंद तुटले असतील तर वेल्क्रो लावून मागू नका, मी लावून देत नाही.

साखळीवाला

आमच्या क्लासने सगळ्यांच्या पाठीवर क्लबचं मोठं नाव भरून घेतलंय. वितीएवढी अक्षरं, लाल. त्याचे पैसेही घेतले. हे नियमात बसतं का?

ताटामीकाठ

डब्ल्यूकेएफच्या नियमात नाही बसत. पाठीवर आयोजकांनी दिलेला स्पर्धकाचा क्रमांक लागतो. छातीवर डाव्या बाजूला देशाचं चिन्ह किंवा ध्वज, तेही १२ बाय ८ सेंमीच्या आत, आणि ते देशाकडून खेळणाऱ्यांसाठी. राज्य किंवा क्लबचा बिल्ला कुठे, केवढा चालेल हे स्थानिक परिपत्रकात असतं. क्लासचा ड्रेस क्लासला घाला, त्यात गैर काही नाही. स्पर्धेसाठी कोरा ठेवा. आणि क्लासच्या सेन्सेईंशी शांतपणे बोला. माझा अनुभव आहे, बहुतेकांनी प्रेमापोटी केलेलं असतं, नियम तपासलेला नसतो.

ज्यूडोवाले_बाबा

जरा वेगळं लिहितो, कारण एकाच घरात एक कराटे आणि एक ज्यूडो असेल तर आमच्यासारखी गफलत होते. मोठ्याचं कराटेचं गणित डोक्यात ठेवून मी धाकट्याचा ज्यूडोगी (ज्यूडोचा ड्रेस) छोटा करून घेतला आणि तो तपासणीत नापास झाला.

ज्यूडोत सगळं उलटं. तिथे आखूड बाही चालत नाही. हात खांद्याच्या रेषेत समोर ताणले की मनगटासकट हात झाकला गेला पाहिजे. बाही आणि हात यांच्यामध्ये १० ते १५ सेंमी मोकळी जागा पाहिजे, सगळ्या लांबीभर. ही जागा मोजायला सोकुतेइकी नावाचं एक साधन असतं, ते बाहीत सरकवून बघतात. डावा पदर उजव्यावर किमान २० सेंमी आला पाहिजे. पँट घोट्याच्या सांध्यापर्यंत, फार तर ५ सेंमी वर. बेल्ट ४ ते ५ सेंमी रुंद, गाठीपुढे टोकं २० ते ३० सेंमी.

धाकट्याच्या कोचने कारण सांगितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. ज्यूडोत पकड कापडाची. बाही अरुंद किंवा आखूड करून खेळणं म्हणजे समोरच्याला धरायलाच काही न देणं. म्हणून तिथे मोजमाप इतकं कडक. कराटेत कापड धरायचं नसतं, तिथे रेफरीला हात आणि मूठ स्वच्छ दिसायला हवी.

मोठ्या ज्यूडो स्पर्धांत एकाचा पांढरा आणि एकाचा निळा ज्यूडोगी लागतो. निळ्याची कल्पना डच ज्यूडोपटू आंतोन खेसिंक यांनी मांडली होती. १९९७ साली ती स्वीकारली गेली. म्हणजे दोन ड्रेस, दोन्ही आटवलेले, दोन्ही मापात. आमचा निळा पांढऱ्यापेक्षा जास्त आटला. कंपनी तीच, माप तेच. म्हणून प्रत्येक ड्रेस वेगळा मोजा, एकावरून दुसरा गृहीत धरू नका.

काता_आवडे

ज्यूडोबाबांनी विषय काढलाच आहे तर सांगते, कराटेचा ड्रेस मुळात ज्यूडोवरूनच आला. १९२२ मध्ये कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी ओकिनावा बेटाहून तोक्योला प्रात्यक्षिकासाठी गेले आणि कोदोकान या ज्यूडोच्या शाळेत, ज्यूडोचे जनक जिगोरो कानोंसमोरही कराटे दाखवलं. त्यानंतरच ज्यूडोच्या धर्तीवरचा पांढरा ड्रेस कराटेत रुळला, फक्त कापड हलकं झालं.

आता उपयोगाचं. काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम) आणि कुमिते यांचे ड्रेस शिवणीतच वेगळे असतात. कुमितेचा हलका, बाही-पँट जरा लांब, पटकन हालता यावं असा. कातेचा जाड कापडाचा, १२ ते १४ औंसांचा, जॅकेट लांब आणि बाही-पँट आखूड. जाड कापडाचा प्रत्येक गुद्द्याला 'फट्' असा आवाज येतो. कातेच्या ड्रेसमध्ये धोका आखूडपणाचा. फॅशन म्हणून बाह्या कोपराजवळ आणलेल्या असतात, त्या निम्म्या हाताच्या वर गेल्या की नियमाबाहेर. माझी स्वतःची बाही दीड सेंमीने कमी भरली होती. नवा, महाग ड्रेस. आटणार हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शिवणयंत्र ताई, तुम्ही तेव्हा भेटायला हव्या होतात.

पदर नेहमी डावा उजव्यावर. उजवा डाव्यावर जपानमध्ये मृत माणसाला नेसवतात. लहान मुलं घाईत उलटं घालतात, सेन्सेईंना ते फार लागतं.

सत्तरीचा_पाऊस

पांढऱ्या रंगावर कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे विहिरीचं पाणी, जांभा दगड, पाण्यात लोह. चार धुण्यांत ड्रेस पिवळट-तांबूस होतो. मी ब्लीच घालत गेले आणि डाग आणखी पक्के झाले. नंतर कळलं की लोहाच्या डागावर क्लोरीनचं ब्लीच घातलं तर तो पक्काच होतो. आता लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवते, मग साध्या साबणाने धुते. नीळ घालायची तर पूर्ण बादलीत ढवळून घाला. कडांना, जिथे ताईंनी सांगितलेल्या चार टिपा असतात, तिथे नीळ साचते आणि निळसर रेघा उठतात.

पावसात ड्रेस घरातल्या दोरीवर तीन दिवस ओला राहतो. कुबट वास येतो, काखेत काळे ठिपके पडतात. ते ठिपके म्हणजे बुरशी, एकदा बसली की जात नाही. धुतल्यावर आधी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिळून घ्या, मग पंख्याखाली वाळवा, जॅकेट उलटं करून. आणि जून ते सप्टेंबरमध्ये स्पर्धा असेल तर आदल्या दिवशी धुवू नका. ओलसर ड्रेस पिशवीत बंद करून म्हापसा गाठेपर्यंत काय होतं ते मी पाहिलंय.

फोंड्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी लेकीला आणि मोजपट्टी घेऊन बसले. ताटामीकाठ सरांनी सांगितलं तसंच, प्रोटेक्टर घालून, वीस गुद्दे मारून मग मोजलं. आकडे लिहिते, कोणाला उपयोग होईल.

कोपर ते मनगट २१ सेंमी. म्हणजे बाही मनगटापासून वर साडेदहा सेंमीपर्यंत कुठेही असली तरी नियमात. गुडघा ते घोटा ३३ सेंमी. दोन तृतीयांश २२. म्हणजे पँट घोट्यापासून वर ११ सेंमीपर्यंत कुठेही चालते.

हे कागदावर मांडलं आणि मला रडूच आलं. केवढी जागा आहे! बाही मनगटाच्या अगदी जवळ ठेवली तर मूल वाढत गेलं तरी ती कितीतरी महिने नियमातच राहते. नियमानेच वाढीला दहा-अकरा सेंमी दिले आहेत, आणि मी वाढीच्या भीतीने मोठं माप घेऊन तिला नियमाबाहेर उभं केलं.

१५० चा ड्रेस तीन वेळा धुतला. बाही अडीच सेंमी आटली, पँट तीन. आता डिचोलीला शिवणयंत्र ताईंकडे नेणार आहे, त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

शिवणयंत्र_डिचोली

ताई, व्यनि मिळाला. लेकीला घेऊन या, नुसता ड्रेस नको. बाही मनगटाच्या दीड सेंमी वर धरू, अगदी घडीवर नको. हात खाली सोडला की कापड ओघळतं, तेवढी सूट ठेवायची.

ताटामीकाठ

ताई, तुमचं गणित मी आमच्या पालकसभेत सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर. इतकी वर्षं नियम सांगतोय, पण या बाजूने मी कधी मांडला नव्हता.

एक राहिलं. संरक्षक साहित्यही नियमातच धरा. ग्लोव्ह्ज एक जोडी लाल, एक निळी. दातांचं गमशील्ड, नडगीचे पॅड, पायाचे पॅड, बॉडी प्रोटेक्टर. डब्ल्यूकेएफच्या १४ वर्षांखालील गटांत चेहऱ्याचा मास्क आणि मुलांसाठीचा बॉडी प्रोटेक्टर असतो. वरच्या पातळीच्या स्पर्धांत मान्यताप्राप्त शिक्का असलेलंच साहित्य लागतं. परिपत्रकात तसं असेल तर विकत घेण्याआधी शिक्का बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. गमशील्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवलेलं असावं. पाकिटातून काढून तसंच तोंडात घातलं तर पहिल्या धक्क्याला बाहेर येतं.

नवखा_पेडणे

आधीचा माझा प्रतिसाद मागे घेतो. काल मुलाचा ड्रेस अंगावर घालून बघितला. पँट घोट्याच्या दोन बोटं खाली. बेल्टची टोकं गुडघ्याला लागतात. बेल्ट कापला तर चालतो का?

शिवणयंत्र_डिचोली

चालतो, पण टोक नीट बंद करून शिवावं लागतं. बेल्टच्या आत पट्टी असते, ती कापली की सुटी होते. आतली पट्टी सेंटिमीटरभर जास्त कापा, बाहेरचं कापड आत दुमडा आणि पूर्वीच्या टिपांच्या रेषेतच टिपा मारा. दोन्ही टोकं सारखी कापा. एकाच टोकाने कमी केला तर बेल्टचा मध्य सरकतो, कंपनीचं लेबल भलतीकडे जातं.

म्हापसेकरीण

आणि पिशवी आदल्या रात्री मुलांनाच भरू द्या. आपण शेजारी बसून फक्त बघायचं. माझी थोरली आता स्वतः वाचून दाखवते: लाल बेल्ट, निळा बेल्ट, जादा टी-शर्ट, चार रबरबँड, नखं कापायचं, सुई आणि पांढरा दोरा. मॅटवर अडलं तर काय करायचं हे तिला माहीत असतं, माझ्याकडे बघत बसत नाही.

फोंड्याची_आई

काल निवड झाली. लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

सकाळी साहित्य तपासणीला रांग होती. लेक पुढे, मी मागे. बाई तपासत होत्या. बाही बघितली, पँट बघितली, बंद ओढून बघितले, कानामागे हात फिरवून केस बघितले. मग बेल्टवर थांबल्या. निळ्या बेल्टचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब आणि मांडीवर बरंच खाली आलेलं. माझ्या पोटात गोळा आला. लेकीने काही न बोलता गाठ सोडली, बेल्टचा मध्य शोधून पोटावर धरला, मागून दोन वेढे घेऊन पुन्हा बांधला. दोन्ही टोकं सारखी. बाई म्हणाल्या, "जा." सगळं मिळून वीस सेकंद लागले असतील.

दोन लढती जिंकली, तिसरी हरली. निवड झाली नाही. बसमध्ये मात्र पूर्ण वेळ बोलत होती. तिसऱ्या लढतीत समोरच्या मुलीने कुठला फटका कसा मारला आणि तो आता आपण कसा शिकायचा, फोंडा येईपर्यंत हेच.

ज्या मुलीने मागच्या वेळी जॅकेट दिलं होतं, तीही भेटली. तिला द्यायला मी एक कोरा पांढरा टी-शर्ट नेला होता.

ताटामीकाठ

ताई, वीस सेकंदांचं वाचून फार बरं वाटलं. तिला म्हणावं, पुढच्या वर्षी मॅटच्या कडेला मी असलो तर ओळख दे.

म्हापसेकरीण

माझ्याकडे मुलींचे लहान झालेले १३० आणि १४० चे ड्रेस आहेत. दोन्ही पुरते आटलेले, बंद शाबूत, कुठलंही नाव भरलेलं नाही. पैसे नकोत. कोणाला हवेत?

नवखा_पेडणे

माझा मुलगा १२८ सेंमी. १३० चा बसेल का? शुक्रवारी आम्ही म्हापशाच्या बाजाराला येतो, तेव्हा येऊ का?

म्हापसेकरीण

या की. मुलालाही आणा आणि त्याचा प्रोटेक्टरही. मोजपट्टी माझ्याकडे आहे.